आठवण गेली, प्रेम नव्यानं जडलं: पहिली हलकीफुलकी युरी मांगा कशी रचावी

दोघी एका घरात राहतात, दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे. मग एकीला अपघात होतो आणि गेली दोन वर्षं तिच्या डोक्यातून पुसली जातात. प्रेम जडलं होतं ते नेमकं त्याच दोन वर्षांत. ती डोळे उघडते, उशाशी बसलेल्या बाईकडे बघते आणि अदबीनं विचारते, "आपण घरमालकीण का?"

एवढ्या भांडवलावर रडवणारी गोष्ट सहज होते. हसवणारी, आणि हसवता हसवता प्रेमावर विश्वास बसवणारी गोष्ट करायला मात्र रचना लागते. ही रचना कशी बसवायची ते इथं टप्प्याटप्प्यानं सांगतो. चित्रकला थोडीफार येते, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा वाचायला आवडतात, पण स्वतःची एकही गोष्ट पूर्ण केलेली नाही, अशांसाठी हा लेख आहे. शेवटी हातात 24 पानांची एक पूर्ण कथा असावी, एवढंच उद्दिष्ट.

युरी नवी असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बाईचं बाईवरचं प्रेम केंद्रस्थानी ठेवणारी जपानी मांगा म्हणजे युरी. तिची मुळं शंभर वर्षांमागच्या मुलींच्या मासिकांपर्यंत जातात. 1971 साली र्‍योको यामागिशी यांची 'शिरोई हेया नो फुतारी' आली, तिला बरेच जण पहिली युरी मांगा मानतात. तिचा शेवट मृत्यूत होतो. पुढे बराच काळ हाच रिवाज राहिला: प्रेम खरं, पण शेवट दुःखाचा. 2005 साली 'कॉमिक युरी हिमे' हे खास युरीला वाहिलेलं मासिक सुरू झालं आणि त्या सुमारास हलक्याफुलक्या, सुखान्त गोष्टींना हक्काची जागा मिळू लागली. म्हणून या प्रकारातलं हसू मला फार मोलाचं वाटतं. दोन बाया शेवटी सुखानं एकत्र राहतात, भांडतात, चहात साखर किती यावर वाद घालतात, हे चित्र मिळायला वाचकांना बरीच वाट पाहावी लागली आहे.

पहिला टप्पा: नेमकं काय विसरलं ते ठरवा

नवा लेखक इथं घाई करतो. 'तिची स्मृती गेली' एवढं लिहून पुढे जातो, आणि पाचव्या पानावर नायिकेला स्वतःचं नाव आठवत नाही पण रेल्वेचं वेळापत्रक मात्र पाठ असतं. वाचक तिथंच पुस्तक मिटतो.

डोक्याला मार लागल्यावर साधारणपणे अपघाताच्या लगतच्या आठवणी जातात. लहानपण, शाळा, आईचा आवाज, मातृभाषा हे सगळं शाबूत राहतं. जुन्या आठवणी टिकतात आणि ताज्या आधी जातात, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी 1881 मध्येच मांडलं होतं. बहुतेक वेळा हा हरवलेला तुकडा छोटा असतो, काही तासांचा किंवा दिवसांचा. पण तो महिन्यांचा, क्वचित वर्षांचाही असू शकतो. म्हणजे 'गेली दोन वर्षं गेली' हे कथेसाठी ताणलेलं असलं तरी तुटलेलं नाही. माणूस स्वतःची ओळखच पूर्ण विसरतो तो प्रकार वेगळा. तो दुर्मिळ आहे आणि त्याचं मूळ बहुधा मोठ्या मानसिक धक्क्यात असतं. हलक्या गोष्टीत तो घेऊ नका, त्याचा भार तुमच्या 24 पानांना पेलणार नाही.

आता खरी मेजवानी. आठवण जाते तेव्हा हातांनी शिकलेलं जात नाही. हेन्री मोलेझन यांच्यावर 1953 मध्ये अपस्माराची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनाशा झाल्या. तरीही मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चित्र गिरवायला दिलं, तेव्हा ते दिवसेंदिवस सुधारत गेले. आपण हे आधी केलंय याचा त्यांना पत्ताही नव्हता. स्विस डॉक्टर क्लापारेद यांची 1911 सालची नोंद तर कथालेखकासाठीच लिहिल्यासारखी आहे. त्यांनी हस्तांदोलन करताना बोटांत टाचणी लपवून एका विस्मृतीच्या रुग्ण बाईंना टोचली. नंतर त्या बाईंना ना डॉक्टर आठवत होते ना टाचणी, पण त्या हात पुढे करायला तयार होईनात.

टाचणीच्या जागी माया ठेवून बघा. डोक्याला काही ठाऊक नाही, पण अंगाला ठाऊक आहे. सकाळी हात आपोआप दोन कप काढतो आणि एकात साखर घालायचं टाळतो. या प्रकारातली निम्मी गोडी इथून येते, आणि ती वैद्यकीयदृष्ट्याही फारशी खोटी नाही.

एक सिनेमाई सवय मात्र पूर्ण सोडून द्या: डोक्यावर दुसरा फटका बसला आणि सगळं आठवलं. दुसऱ्या फटक्यानं फक्त दुसरी जखम होते.

दुसरा टप्पा: जिला आठवतं, तिच्या हाती काय आहे ते ओळखा

नवख्यांना वाटतं की नायिका म्हणजे जी विसरली ती. माझ्या मते कथेचं वजन दुसरीवर आहे, जिला सगळं आठवतं तिच्यावर. समोरचीला काय आवडतं, ती कशाला घाबरते, ती लाजते कशी, हे सगळं तिला माहीत आहे आणि समोरचीला तिच्याबद्दल काहीच माहीत नाही. हा सामना बरोबरीचा नाही. 'मला तुझं आवडतं गाणं कसं माहीत? अगं, योगायोग!' असं म्हणत ती त्या माहितीच्या जोरावर पुन्हा मन जिंकू लागली, तर वरवर गोड दिसणारी गोष्ट आतून फसवणुकीची होते. वाचकाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण खटकेल नक्की.

सांगून सांगून आठवण भरणं हाही सोपा मार्ग नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 1995 मध्ये 24 जणांना, घरच्या माणसांच्या हवाल्यानं, 'तुम्ही लहानपणी एका बाजारसंकुलात हरवला होता' ही बनावट घटना सांगितली. सुमारे चौथ्या भागाला ती थोडीफार आठवूही लागली. म्हणजे 'तुझं माझ्यावर प्रेम होतं' असं रोज सांगत राहिलं, तर जे उगवेल ते प्रेम की आज्ञाधारकपणा, हे कुणी सांगावं?

म्हणून माझा एक नियम आहे आणि मी तो मोडू देत नाही: जिला आठवतं, तिनं स्वतःहून आपला वरचष्मा सोडायला हवा. ती गप्प राहू शकते, पण खोटं बोलू शकत नाही. थेट प्रश्न आला तर थेट उत्तर. आणि गप्प राहण्याची किंमत तिलाच मोजावी लागली पाहिजे, विनोदी का होईना.

गंमत म्हणजे या नियमानं गोष्ट जड होत नाही, उलट हलकी होते. सगळं माहीत असूनही काही वापरायचं नाही असं ठरवलेल्या माणसाची जी तारांबळ उडते, ती निखळ विनोदी असते.

तिसरा टप्पा: विनोदाचं इंजिन एकच ठेवा

पुढचं समजावण्यासाठी एक नमुना कथा घेतो. तुम्ही तुमची घ्या.

गाव ओनोमिची, हिरोशिमा प्रांतातलं, आतल्या समुद्राच्या काठी. डोंगरउतारावर घरं, मंदिरं, मांजरं आणि गाडी जाणार नाही अशा अरुंद पायऱ्यांच्या गल्ल्या. समोरच्या मुकाइशिमा बेटावर फेरीबोट काही मिनिटांत पोचते, आणि इथूनच शिकोकू बेटावरच्या इमाबारीपर्यंत जाणारा सुमारे 70 किलोमीटरचा सायकलमार्ग सुरू होतो. गाव निवडताना हे बघा: जागेनं कथेला काहीतरी द्यायला हवं. पायऱ्यांनी अपघात दिला, सायकलमार्गानं धंदा दिला.

काओरू ओकादा बेकरीत काम करते. मिनामी सायकल दुरुस्तीच्या दुकानात, आणि ते काम ती शिकली ती हरवलेल्या दोन वर्षांत. म्हणजे आपल्याला चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढता येतो हेच तिला माहीत नाही, पण हातात पाना दिला की हात चालू लागतात.

आता पहिली अडचण, जी आजच्या प्रत्येक विस्मृतीकथेला येते: फोन. फोटो आहेत, संदेश आहेत, सगळं पाचव्या मिनिटाला उघड होईल. फोन फुटला म्हणावं तर फोटो दुसरीकडे साठवलेले असतातच. अडचण लपवू नका, तिचाच उपयोग करा. मिनामीचा फोन व्यवस्थित उघडतो. त्यात पावांचे फोटो आहेत, शेकड्यांनी. मेलोनपान, आनपान, वाफाळतं शोकुपान, आणि प्रत्येक फोटोच्या कडेला पाव धरलेला एक हात. अंगठ्याजवळ भाजल्याचा चंद्रकोरीसारखा व्रण. चेहरा एकाही फोटोत नाही, कारण काओरू कॅमेरा दिसला की तोंड फिरवते. संदेशांत समोरचीचं नाव साठवलंय 'पावरोटी', आणि मजकूर सगळा 'दूध आण', 'आले', 'उशीर होईल' असा.

मिनामीला एवढं कळतं की आपलं कुणावर तरी प्रेम होतं आणि त्या व्यक्तीच्या हातावर व्रण आहे. ती त्या हाताचा शोध घेऊ लागते. आणि काओरू? ती घरात, दारात, जेवताना, मांजराला खाऊ घालताना, चोवीस तास ओव्हनचे जाड हातमोजे घालून फिरते.

हे झालं इंजिन. पुढे ते आपोआप वेग घेतं. मिनामी हळूहळू हातमोजेवाल्या काओरूच्या प्रेमात पडते, आणि तिला भयंकर अपराधी वाटतं, कारण 'त्या हाताशी' आपण बेइमानी करतोय! ती एका अनोळखी प्रेयसीपायी समोरच्या बाईपासून दूर पळते, आणि त्या दोघी एकच आहेत. काओरूलाही स्वतःचाच मत्सर वाटू लागतो: ही माझ्यावर भाळतेय खरी, पण जुन्या माझ्याशी एकनिष्ठ राहण्यासाठी मलाच टाळतेय.

24 पानांत असं एक इंजिन पुरतं. त्यात जुनी प्रेयसी, दुष्ट डॉक्टर, लग्नाचा आग्रह धरणारे आईवडील असं काही भरू नका.

इथं एक गंभीर गोष्ट बसते, ती टाळू नका. जपानमध्ये समलिंगी विवाहाला देशभर कायदेशीर मान्यता नाही. 2015 पासून टोकियोतल्या शिबुया आणि सेतागाया प्रभागांनी जोडीदार-नोंदणी सुरू केली आणि मग ती इतरत्र पसरली, पण त्या नोंदणीला विवाहाचे हक्क नाहीत. रुग्णालयात परिचारिका विचारते, "आपण नातेवाईक का?" आणि काओरू क्षणभर थांबून म्हणते, "एकाच घरात राहतो आम्ही." एक चौकट, एक वाक्य. त्यावर भाषण नको. मिनामीला 'ही घरमालकीण असावी' असा गैरसमज होण्याचं कारणही याच वाक्यातून मिळतं, म्हणजे विनोद आणि दुखणं एकाच जागी उगवतं.

चौथा टप्पा: खूण ठरवा, पण तिला जादू करू देऊ नका

विसरलेल्या प्रेमाची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. महाभारतातल्या दुष्यंताला सगळं आठवत असतं, तो लोकापवादाच्या भीतीनं शकुंतलेला नाकारतो. कालिदासानं त्यात दुर्वासांचा शाप आणि अंगठी घातली आणि गोष्ट विस्मृतीची झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, म्हणजे मराठी संगीत नाटकाची भरभराट सुरू झाली तीही याच गोष्टीनं. मासळीच्या पोटातून अंगठी निघते, राजाला ती दिसते, क्षणात सगळं आठवतं.

तुमच्या कथेत मात्र खुणेचं काम वेगळं ठेवा. व्रण दिसल्यावर मिनामीला काहीही आठवत नाही. तिला फक्त कळतं. आठवणं आणि कळणं यांतलं अंतर हेच तुमच्या कथेचं मैदान आहे.

खूण निवडताना तीन गोष्टी बघा, ती अशी असावी: काढायला सोपी, लहान चौकटीतही ओळखू येणारी, आणि लपवताना हसू येईल अशी. तीळ लहान पडतो. अंगठी सगळेच वापरतात. भाजल्याचा व्रण आणि त्यावर हातमोजा, हे दोन्ही लांबून दिसतं.

पाचवा टप्पा: एकमेकींना हाक काय मारतात

हा छोटा टप्पा आहे, पण विसरलात तर कथा बेचव होते. जपानीत आडनावाला 'सान' लावून हाक मारणं म्हणजे सभ्य अंतर. नुसतं नाव घेणं म्हणजे जवळीक. अपघातानंतर मिनामी 'काओरू'वरून थेट 'ओकादा-सान'वर जाते, आणि काओरूच्या चेहऱ्यावर तो धक्का उमटायला हवा. मराठीत लिहिताना आपल्याकडे 'आपण', 'तुम्ही', 'तू' अशी ऐसपैस शिडी आहेच. मिनामीला 'आपण'वरून सुरुवात करू द्या, बेकरीत 'तुम्ही' येऊ द्या, आणि 'तू' चुकून तोंडातून निसटू द्या, बहुधा रागाच्या भरात. त्या निसटलेल्या 'तू'साठी अख्खी मोठी चौकट द्या. काओरूनं मात्र पहिल्या पानापासून 'तू' म्हणू नये. तिनंही अंतर पाळावं, दर दोन वाक्यांमागे अडखळत.

सहावा टप्पा: 24 पानांचा आराखडा

24 का? सेंटर पिन मारलेली पुस्तिका छापायची तर पानं चारच्या पटीत लागतात, आणि 16 पानांत प्रेम पुन्हा जडायला वेळ मिळत नाही.

नमुना कथेची विभागणी मी अशी करेन. पान 1 वर मिनामी सकाळी दोन कप काढते, एकात साखर घालत नाही, आणि दोन्हींकडे बघत उभी राहते. रुग्णालयापासून सुरुवात करू नका, ती वाचकानं हजारदा पाहिली आहे. पान 2 आणि 3 वर अपघात आणि 'नातेवाईक का?', झटपट. पान 4 ते 7: घर, सभ्य अंतर, हातमोजे पहिल्यांदा दिसतात. पान 8 ते 11: हाताचा शोध. गावातले हात तपासत फिरणारी मिनामी, हा भाग सर्वांत मोकळा आणि मस्तीखोर असू द्या. मासळीवाल्या आजी, फेरीबोटीवरचा तिकीटवाला, मंदिरातला पुजारी, सगळ्यांसमोर ती "जरा तळहात दाखवता का?" म्हणत उभी राहते. पान 12 ते 15: सायकलचं दुकान. हात आपोआप चालतात, ती चकित होते, काओरू पाव घेऊन येते, आणि त्या संध्याकाळी मिनामीला कळून चुकतं की आपण हिच्या प्रेमात आहोत.

पान 16 ते 19 हा कथेचा कणा. मिनामी 'त्या हाताला' एक पत्र लिहिते: मला तुम्ही आठवत नाही, आणि मला आता दुसरी कुणी आवडते, मला माफ करा. मग ते पत्र शुद्धलेखनासाठी काओरूला दाखवते. काओरू स्वतःलाच लिहिलेलं, स्वतःमुळेच होणाऱ्या ताटातुटीचं पत्र वाचते, ओव्हनचे हातमोजे घालून, पान धरता येत नसताना.

या चार पानांना सगळ्यांत जास्त वेळ द्या. संवाद कमी करा. कागद हातातून निसटणं, पुन्हा उचलणं, वाचून झाल्यावर "इथं स्वल्पविराम हवा" एवढंच म्हणणं.

पान 19 च्या शेवटी मिनामी विचारते, "ते हातमोजे तुम्ही कधीच का काढत नाही?" थेट प्रश्न आला, आता नियम लागू. पान 20 वर हातमोजा उतरतो. नीट बघा: मिनामीनं निवड आधी केली आहे, सत्य नंतर कळलं आहे. हा क्रम उलटा झाला तर सगळी कथा पडते.

पान 21 ते 23 वर तिला रागावू द्या. तिच्यापासून काहीतरी लपवलं गेलंय, रागावण्याचा तिला हक्क आहे. काओरूनं सफाई देऊ नये, माफी मागावी. पान 24 चं पुढे बोलू.

सातवा टप्पा: चौकटी, दिशा आणि पान उलटणं

आधी नेम करा. जपानी मांगाकार कच्च्या आराखड्याला नेम म्हणतात: काठीच्या माणसांनी, पेन्सिलीनं, सर्व 24 पानं. चेहरे नकोत, फक्त कोण कुठे, काय बोलतंय, चौकट केवढी. नेम पूर्ण झाल्याशिवाय एकही पान शाईनं काढू नका. सुंदर काढलेली तीन पानं आणि मग अर्धवट राहिलेली कथा, हे नवख्यांचं सर्वांत मोठं दुखणं आहे.

जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. तुम्ही मराठीत लिहिताय तर डावीकडून उजवीकडेच जा. देवनागरीच्या ओळी एका दिशेनं आणि चौकटी दुसऱ्या दिशेनं गेल्या, तर नवा वाचक प्रत्येक पानावर अडखळेल. पण पान उलटण्याचं गणित दोन्हीकडे सारखंच आहे. पहिलं पान एकटं आलं की पान नेहमी विषम अंकावरून सम अंकावर उलटतं. म्हणून प्रश्न विषम पानाच्या शेवटी आणि उत्तर सम पानाच्या सुरुवातीला. पान 19 आणि 20 ची जोडी म्हणूनच तशी बसवली. फोनवर एकेक पान सरकवणाऱ्या वाचकालाही ही लय जाणवते.

भूतकाळ दाखवताना मांगात चौकटींमधली पांढरी जागा काळी करायची रीत आहे. विस्मृतीच्या कथेत हे साधन फार कामाचं आहे, पण शिस्त पाळा. काळी पट्टी फक्त काओरूच्या आठवणींना. मिनामीला भूतकाळ नाही, म्हणून तिच्या डोक्यातलं चित्र दाखवायचं झालं तर रिकामी पांढरी चौकट. दोन कप हातात घेऊन ती उभी असते तेव्हा शेजारी एक कोरी चौकट ठेवा आणि त्यात काहीही लिहू नका. चौथ्या-पाचव्या वेळी वाचक ती कोरी चौकट पाहून स्वतःच हसेल किंवा गलबलेल.

विनोदी प्रसंगात चेहरे सोपे करा: ठिपक्यांचे डोळे, हातमोजे शरीरापेक्षा मोठे. भावनेच्या क्षणी पुन्हा पूर्ण रेखाटन. एकाच पानावर या दोन्ही शैली येऊ शकतात.

कागदावर काम करणार असाल तर जपानी व्यावसायिक मूळ पानं बी4, म्हणजे 257 × 364 मिलिमीटरची असतात आणि मुख्य चौकट साधारण 180 × 270 ची. आपल्याकडे ए4 सहज मिळतो, तोही चालेल, फक्त महत्त्वाचे संवाद कडेपासून आत ठेवा. संगणकावर काम करत असाल तर काळ्यापांढऱ्या पानांसाठी इंचाला 600 ठिपक्यांची घनता ठेवा. क्लिप स्टुडिओ पेंट मांगासाठीच बनलेलं आहे, पण विकत घ्यावं लागतं. क्रिता फुकट आहे आणि पहिल्या कथेला पुरेसं आहे.

आठवा टप्पा: फुग्यांत मराठी बसवणं

जपानी संवाद उभे लिहितात, म्हणून त्यांचे फुगे उंच आणि अरुंद. ते फुगे तसेच उचलले की मराठी शब्द मधोमध तुटतात. आपल्याला आडवे, रुंद फुगे लागतात. नेम करतानाच संवाद प्रत्यक्ष अक्षरात लिहा, म्हणजे जागेचा अंदाज येतो. वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार, त्यामुळे ओळींतलं अंतर सैल ठेवा. एका फुग्यात तीन ओळींपेक्षा जास्त नको.

मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट चांगले आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता आणि बालू, इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम. संवादाला मुक्ता, आरडाओरड्याला बालू, आणि मिनामीच्या पत्राला हस्ताक्षरासारखा कलम, अशी वाटणी मला आवडते. अक्षरं टाकण्याआधी चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रेम', 'दुसऱ्या', 'हृदय', 'शुद्धलेखन' लिहून बघा. जोडाक्षरं फुटत असतील तर चित्रं तिथं करा आणि अक्षरं इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका.

ध्वनिशब्दांसाठी मराठी श्रीमंत आहे. धडधड, चुळबुळ, कुरकुर, टचकन, धपकन, फुस्स. त्यांना फुग्यात कोंडू नका, चित्राचा भाग म्हणून हातानं रेखा.

नववा टप्पा: शेवट

इथं एका मांगाकडे बोट दाखवतो, कारण तिनं हा प्रश्न फार नीट सोडवला आहे. निओ नाकातानी यांची 'यागाते किमी नि नारु' 2015 ते 2019 या काळात आली, आठ खंडांत. विस्मृती हा तिचा विषय नाही, पण त्यातल्या शाळेत एक नाटक बसवलं जातं आणि त्या नाटकातल्या मुलीची स्मृती गेलेली असते. तिला भेटायला येणारी तीन माणसं तिच्याबद्दल तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. त्यांतली नेमकी कोणती मी? मूळ संहितेत ती आपल्या प्रेयसीला दिसलेली 'मी' स्वीकारते. मांगाची नायिका युउ हे वाचून अस्वस्थ होते आणि शेवट बदलायला लावते: त्या मुलीला जुन्यांपैकी कुणीही व्हायची गरज नाही, आज ती जी आहे तिलाच पुढे जाता यावं.

तुमच्या पान 24 ला हीच कसोटी लावा. आठवण परत आणू नका. परत आणलीत तर मधल्या वीस पानांत मिनामीनं नव्यानं केलेलं प्रेम 'तात्पुरतं' ठरतं, खरी मिनामी परत आल्यावर पुसून टाकण्याजोगं. आठवण आली नाही तर ते प्रेम तिचं स्वतःचं राहतं. काओरूसाठी यात तोटा आहे, आणि तो एका चौकटीत दिसू द्या: दोन वर्षांच्या त्या गमती आता फक्त तिच्या एकटीच्या आहेत. मिनामी म्हणते, "मग सांग ना. गोष्ट म्हणून ऐकते." आता ऐकायला हरकत नाही, निवड होऊन गेलेली आहे.

आणि मग मिनामी फोन काढते, 'पावरोटी' हे जुनं नाव खोडते आणि नवं टाकते. कोणतं, ते तुम्ही ठरवा. फक्त जुन्यापेक्षा वेगळं असू द्या.

दहावा टप्पा: दाखवा आणि पाठवा

नेम झाल्यावर, शाईच्या आधी, दोघांना वाचायला द्या: एक मांगा वाचणारा, एक अजिबात न वाचणारा. 'आवडली का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "काओरूचा राग कोणत्या पानावर आला?" कुठंच आला नाही असं उत्तर मिळालं तर तुम्ही तिचं लपवणं फार गोड केलंय. आठव्या पानावरच आला तर ती कुठंतरी खोटं बोललीये, ते वाक्य शोधा आणि काढा. पान 21 च्या आसपास, मिनामीसोबतच आला, तर शाईची बाटली उघडा.

पूर्ण झालेली कथा आधी समाजमाध्यमांवर मराठीत टाका, दर आठवड्याला चार पानं अशी. सोबत जपानच्या परराष्ट्र मंत्रालयानं 2007 मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय मांगा पुरस्काराकडे लक्ष ठेवा. जपानबाहेरच्या कलाकारांसाठीची ही स्पर्धा आहे आणि 24 किंवा त्याहून जास्त पानांची स्वतंत्र कलाकृती तिथं पाठवता येते. त्या त्या वर्षीचे नियम आणि मुदत तिच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. दुसऱ्या भाषेत संवाद बदलून द्यायची वेळ येईल हे धरून अक्षरं चित्रापासून वेगळ्या लेयरवर ठेवा, आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.